शून्य दशांश चार

बांबोळीच्या टेकडीवर, तळमजल्याला,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी गुडघे उभे करते.
पावलं बाहेरच्या बाजूला दहा अंश,
अंगठे फळीला, गुडघे फळीला, मांड्या फळीला,
आणि आता हलू नका.
जे हलत नाहीत त्यांच्याही आत
काहीतरी सरकत असतं.
ते मोजायला दोन वर्षं थांबावं लागतं.

फिल्मवर हाड पांढरं येतं.
कूर्चा येतच नाही.
वरचं हाड आणि खालचं हाड यांच्यात
जो काळा पट्टा उरतो
त्याची रुंदी मी मोजते, आतल्या बाजूला,
सगळ्यात अरुंद असेल तिथे.
म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीला
तिच्या रिकाम्या जागेवरून ओळखायचं.
पगार याचाच मिळतो.

नावं झाकलेली असतात.
कोणती फिल्म आधीची, कोणती नंतरची,
तेही मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं.
कळलं की डोळा मदतीला धावतो,
आणि मदतीला धावलेल्या डोळ्याइतका
खोटारडा कोणी नाही,
असं आमच्या नियमावलीत लिहिलंय,
जरा सभ्य शब्दांत.

पण ग-सत्तेचाळीस मी ओळखला.
आतल्या कडेला वाढलेली हाडाची चोच,
खंड्याची असते तशी, लांब,
आणि नडगीत कधीकाळचं वाकडं जुळलेलं मोडणं.
बोस्त्यांव. आगरवाड्याचा. मिठागरातला.
पहाटेच्या कदंबानं आला होता, दोन बस बदलून,
पोटऱ्यांवर मिठानं पडलेले पांढुरके चट्टे.
मी बटण दाबणार, तेवढ्यात म्हणाला,
"बाये, कितलें उरलां?"

साडेतीन असेल, म्हटलं. नक्की नाही सांगता येत.
"साडेतीन कितें?"
मिलिमीटर.
त्यानं अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मध्ये फट ठेवली,
ट्यूबलाइटकडे धरून तिच्यातून पाहिलं.
"मिठाचो एक खडो," म्हणाला. "व्हडलो."

एका फिल्मवर तीन दशांश चार.
दुसरीवर तीन.
फरक शून्य दशांश चार, आणि तीच फिल्म
मी सोमवारी मोजली नि परत गुरुवारी मोजली
तर माझाच हात तेवढा चुकतो.
ओळख पटली, अशी नोंद केली, फाइल पुढे सरकवली.
शिरवईकर डॉक्टरांना दोन्ही फिल्म
तीन दशांश दोन दिसल्या.
बदल नाही.
ते चुकले नाहीत. मीही नाही.
दोन वर्षं आमच्या दोघांच्या चुकीच्या आत
पाय पोटाशी घेऊन मावली.

खाजणाच्या बांधात लाकडी दार असतं,
त्याला मानस म्हणतात.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
तिची फळी झिजली की
डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं,
हे बोस्त्यांवनंच सांगितलेलं, दुसऱ्या खेपेला,
फळीसमोरची ती एकच पायरी चढताना.
चार बोटं उंचीची पायरी.
त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला,
जो पहिल्या खेपेला ठेवला नव्हता,
आणि त्याचा गुडघा वाजला.
मशीन तेव्हा बंद होतं.

खांद्यासाठी तक्त्यात रकाना नाही.
मी शोधला.

जाताना तो वर्तमानपत्राची पुडी ठेवून गेला,
यंदाच्या पहिल्या काढणीचं मीठ, करडं, चिखलाचा वास असलेलं.
काल सगळे गेल्यावर
मी एक खडा कॅलिपरच्या जबड्यात धरला.
तीन दशांश एक.
दुसरा चार दशांश सहा.
तिसरा धरला आणि बोटं ओली झाली.
आमच्या हवेत मिठाला घाम सुटतो,
सकाळचा आकडा संध्याकाळी लागू पडत नाही.
पुडी बांधून मी ड्रॉवरमध्ये ठेवली,
कोरड्या बाजूला,
फिल्म ठेवतो तिथे.